शेजारचा गोठा, पहाटेचा कोंबडा: निवासी भागातल्या जनावरांचा वाद कसा हाताळावा

गावठाणाला खेटून प्लॉट पडतात, त्यावर रो-हाऊस उभी राहतात आणि पहिल्याच पावसाळ्यात अर्ज जातो: शेजारच्या गोठ्याचा वास. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आले. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली, आराखड्यात निवासी दाखवलेली जमीन ठरलेला कर भरला की बिनशेती मानली जाऊ लागली, तेव्हापासून म्हैस आणि मॉड्युलर किचन यांच्यात फक्त एक भिंत उरली. गोठेवाला म्हणतो, आम्ही आधीपासून इथेच आहोत. प्लॉटवाला म्हणतो, मी निवासी जागेचे पैसे मोजलेत. दोघांचेही अर्धे बरोबर असते.

असे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण बहुतेक वेळा ते चुकीच्या टेबलावर गेलेले असतात. एका अर्जात तीन वेगळे वाद कोंबलेले असतात. या जागेत जनावरे पाळायला परवानगी आहे का, हा जागेच्या वापराचा प्रश्न झाला. तो नगररचना किंवा बांधकाम विभागाचा. वास, माशा, सांडपाणी, आवाज हा उपद्रव. तो आरोग्य विभागाचा, फार झाले तर प्रांताचा (उपविभागीय अधिकाऱ्याचा). जनावर सुटून तुमच्या बागेत शिरते, हा मोकाट जनावरांचा प्रश्न, तो कोंडवाड्याचा. तिन्ही एकत्र लिहिले की प्रत्येक विभाग ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा मारून मोकळा होतो. म्हणून पेन उचलण्याआधी आपला वाद यातला नेमका कोणता, ते ठरवा. दोन असतील तर दोन अर्ज करा.

आधी कागद, आणि तेही दोन्ही बाजूंचे

पुढचे कागद जमवायला साधारण आठ-पंधरा दिवस जातात. ते नसताना केलेला अर्ज म्हणजे हवेतले बोलणे.

१. झोन दाखला आणि भाग नकाशा. महापालिका किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सर्व्हे नंबर देऊन मिळतो. ग्रामीण भागात जिल्ह्याच्या नगररचना शाखेत. गोठा असलेली जागा निवासी विभागात आहे, शेती विभागात की गावठाणात, ते यावर कळते.

२. गोठ्याच्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. दोन्ही ऑनलाइन मिळतात. सातबाऱ्यावर बिनशेतीची नोंद आहे का ते पाहा.

३. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. त्यावर ‘गोठा’ अशी जुनी नोंद असेल, तर गोठेवाल्याच्या हातात तो एक्का आहे.

४. तुमच्या स्वतःच्या घराचा बांधकाम परवाना, बिनशेती आदेश किंवा सनद.

चौथा कागद कुणी काढत नाही आणि तिथेच डाव उलटतो. तुमचा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला असेल आणि नियमित झालेला नसेल, किंवा भाग शेती विभागातच असेल, तर पाहणीला आलेला अधिकारी आधी तुमच्या घराकडे बघेल. शेतजमिनीवरचा जनावरांचा निवारा हा महसूल संहितेच्या व्याख्येनुसार ‘शेतघर’ या सदरात बसतो. शेती विभागातला गोठा रीतसर आणि त्याच्या शेजारचे घर बेकायदा, असे प्रसंग शहरांच्या कडेला भरपूर आहेत. तिथे वापराचा वाद काढूच नका. उपद्रवाचा वाद मात्र तिथेही करता येतो.

भाग निवासी निघाला तर नियमावली उघडा. मुंबईसाठी वेगळी नियमावली आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. निवासी विभागात कोणते वापर चालतात, याची यादी तिच्यात आहे. घरापुरत्या चार कोंबड्या आणि धंद्याचा शेड यांत फरक केला जातो, त्यामुळे संख्या मोजा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या ‘शेती’च्या व्याख्येत कुक्कुटपालन आणि पशुपैदास येतात, पण घराला जोडलेली बाग त्यातून वगळलेली आहे. म्हणजे बंगल्याच्या परसात शेड टाकून ‘ही आमची शेती’ म्हणता येत नाही.

गुरांसाठी आणखी एक कायदा आहे: नागरी क्षेत्रात गुरे पाळणे आणि त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा १९७६ चा अधिनियम. तो ज्या शहरांत लागू केला आहे, तिथे परवान्याशिवाय गुरे ठेवता येत नाहीत. भांडण तसे नवे नाही. शहरातले तबेले बाहेर काढायचे म्हणूनच १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. तुमच्या शहरात परवाना लागतो का, हे महापालिकेच्या पशुवैद्यकीय किंवा आरोग्य विभागात विचारा. लागत असेल आणि तो काढलेला नसेल, तर लांबलचक अर्जाची गरज उरत नाही. ‘विनापरवाना’ हा एकच मुद्दा पुरतो.

पंधरा दिवसांची वही

‘खूप घाण वास येतो’ या वाक्यावर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. साधी वही घ्या आणि रोज पाच रकाने भरा: तारीख, वेळ, काय झाले, किती वेळ टिकले, घरात कोणाला काय त्रास झाला. ‘१२ तारीख, सकाळी ६.४०, गोठा धुतलेले पाणी सामाईक रस्त्यावर, दुपारी १२ पर्यंत साचलेले’ ही नोंद पाहणीत पडताळता येते.

फोटो तारीख, वेळ आणि ठिकाण उमटणाऱ्या ॲपमधून काढा. एकाच जागेवरून, एकाच कोनातून रोज एक. दहा दिवसांचे दहा फोटो शेजारी ठेवले की उकिरडा वाढतोय की हलतोय ते कुणालाही दिसते. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत कोर्टात कच्ची पडते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र द्यावे लागते. फोटो काढायला कुंपण ओलांडून आत जाऊ नका. एवढ्यावरून उलटी तक्रार होते.

आवाजाचे गणित वेगळे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती १० डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली तर तक्रार करता येते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात कोंबडा आरवतो दोन-तीन सेकंद आणि मोजायला कुणी येईपर्यंत उजाडलेले असते. मोबाइलमधला डेसिबल मीटर वहीपुरता ठीक, पुरावा म्हणून लंगडा. कोंबड्याच्या वादात कायद्याच्या भरवशावर राहू नये. तो बोलूनच मिटतो.

बोलायला जाताना हातात मागणी हवी

‘तुमची जनावरे हलवा’ म्हणून गेलात तर दार बंद होते. त्याच्यासाठी ते पोट आहे. त्याऐवजी त्रासाचे मूळ ओळखून एक किंवा दोन नेमक्या गोष्टी मागा. त्या कोणत्या हे कळायला गोठा कसा चालतो ते ठाऊक हवे, आणि गोठेवाल्यालाही नोटीस येण्याआधी हेच करून घेणे स्वस्त पडते.

वासाचे मूळ शेण नव्हे. शेण आणि मूत्र एकत्र साचून कुजतात, तेव्हा तो डोळ्यांत जाणारा वास सुटतो. दोन्ही लवकर वेगळे केले की निम्मा प्रश्न संपतो. त्यासाठी तळ पक्का आणि उताराचा हवा, ४० फुटांना १ फूट. म्हणजे १० फूट खोलीच्या गोठ्यात मागच्या बाजूला ३ इंच उतार. मागे साधारण फूटभर रुंदीची उथळ नाली, आणि ती झाकण असलेल्या टाकीत. तळ खडबडीत ठेवावा, गुळगुळीत कोब्यावर जनावर घसरते. बऱ्याच ठिकाणी कोबा चांगला असतो, पण नाली कुंपणाबाहेर रस्त्यावर उघडी सोडलेली असते. त्या एका पाइपचा खर्च वाचवल्यामुळे वर्षभर भांडण चालते.

आता शेणाचा हिशेब. मोठी म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. चार म्हशी म्हणजे ६० ते ८० किलो, महिन्याला दोन टनांच्या आसपास. हे जाते कुठे, हा पहिला प्रश्न विचारायचा. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला ७ ते १० दिवस घेते. त्यामुळे ‘आठवड्याला ट्रॉली भरून नेतो’ म्हणणाऱ्याच्या उकिरड्यावर माशांची एक आख्खी पिढी तयार होऊनच ट्रॉली हलते. रोज गोठ्यातून आणि आठवड्यातून किमान दोनदा आवारातून शेण उचलले, तर हे चक्र तुटते. मागणी हीच करा. फवारणीचा आग्रह धरू नका. ढीग तसाच ठेवून औषध मारले तर चार दिवसांत माशा परत येतात.

जागा असेल तर गोबरगॅस सर्वांत चांगला. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. चार म्हशींचे बहुतेक शेण त्यात जिरते आणि बाहेर येणाऱ्या मळीला वास जवळजवळ नसतो. नाडेप टाकीचे, म्हणजे खत कुजवण्याच्या टाकीचे नाव हमखास निघते. यवतमाळच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची ही पद्धत सुंदर आहे, पण तिचा हेतूच मुळी थोड्या शेणात जास्त काडीकचरा कुजवण्याचा. एक टाकी भरायला जेमतेम १०० किलो शेण लागते आणि खत व्हायला तीन-चार महिने जातात. चार म्हशींसमोर ती दीड दिवसात भरेल. एखाद-दुसरी गाय असेल तिथे मात्र ती बसते, कारण वरून शेणमातीने लिंपल्यामुळे माशा आणि वास दोन्ही थांबतात.

पावसाळ्यात वाद पेटतो तो बहुतेकदा पत्र्याच्या पन्हाळीमुळे. छपराचे पाणी थेट उकिरड्यावर पडते आणि काळा ओघळ शेजाऱ्याच्या कुंपणाखालून आत येतो. पन्हाळीचे तोंड फिरवणे आणि ढिगावर ताडपत्री, हा अर्ध्या दिवसाचा उपाय आहे. संध्याकाळी डास हाकलायला धूर करतात, त्यावरूनही भांडणे होतात. गोठ्याला मच्छरदाणीची जाळी आणि एक पंखा लावला तर जनावरांनाही ते बरे.

कोंबड्यांच्या शेडमध्ये वासाचे कारण ओली गादी. भाताच्या तुसाचा किंवा भुश्श्याचा २-३ इंचांचा थर कोरडा असेल तर वास नगण्य. मूठभर तूस दाबून पाहा: गोळा तसाच राहिला तर ओले, सुटून पडले तर ठीक. ओल बहुधा गळक्या पाण्याच्या भांड्यापाशी असते. दाट कोंबलेल्या पक्ष्यांची गादी कधीच सुकत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला गादीवर २ ते अडीच चौरस फूट लागतात, म्हणजे वीस कोंबड्यांना ५० चौरस फुटांच्या आत बसवू नये. रात्री खाद्य तसेच राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. शेजाऱ्याची खरी भीती तीच असते, फक्त तो ती वासाच्या नावाने बोलतो. खाद्याची भांडी रात्री उचलून ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि कोंबडा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, फक्त पिल्ले काढायची असतील तर लागतो. हे सांगितले की अनेक घरांतला कोंबडा दोन दिवसांत गावाकडच्या शेतावर जातो. ठेवायचाच असेल तर रात्री अंधाऱ्या, हवेशीर आणि बुटक्या खुराड्यात. मान पूर्ण ताणता आली नाही की आरव दबतो, आणि उजेड उशिरा दिसला की उशिरा आरवतो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही हे खरे, पण शेजाऱ्याची झोप तासभर वाढते.

शेळ्यांच्या बाबतीत वास असतो तो बोकडाचा, आणि माजाच्या काळात जास्त. तो कुंपणापासून लांबच्या कोपऱ्यात बांधावा किंवा पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावा.

बोलणे झाले की ठरलेले दोन ओळींत लिहा: कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. गावात हे काम तंटामुक्त समितीसमोर केलेले बरे. पुढे कोर्टात जायची वेळ आली, तर तुम्ही आधी सबुरीने घेतले होते हे या कागदावरून दिसते.

अर्ज

गावात ग्रामपंचायत अधिकारी (जुने नाव ग्रामसेवक) आणि सरपंच, शहरात उपद्रवासाठी प्रभाग कार्यालयाचा आरोग्य विभाग, बांधकामासाठी बांधकाम किंवा अतिक्रमण विभाग. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली जाते आणि प्रकरण तिथेच थांबते. अर्जाचा मजकूर एवढाच असावा:

‘गट क्र. … मधील … यांच्या ताब्यातील जागेत सुमारे … म्हशी बांधल्या जातात. सदर जागा झोन दाखल्यानुसार निवासी विभागात आहे (प्रत जोडली आहे). गोठ्याचे सांडपाणी सामाईक रस्त्यावर सोडले जाते व शेण उघड्यावर साठवले जाते. दि. … ते … या काळातील नोंदी व फोटो जोडले आहेत. स्थळपाहणी करून पंचनामा करावा, पाहणीच्या वेळी मला उपस्थित राहण्यास कळवावे व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.’

विशेषणे नकोत. जागेवर काय दिसते तेवढेच लिहा. समोरच्याच्या जातीधर्मावर बोलणे तर अजिबात नको. ते चूक आहेच, शिवाय त्यातून ॲट्रॉसिटीसारखा गंभीर गुन्हा उभा राहू शकतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हा शिक्का नसेल तर पुढच्या कुठल्याच पायरीवर तुम्हाला उभे राहता येत नाही.

महिनाभर हालचाल नाही? माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नका, ती माहिती ठरत नाही. आवक क्रमांक देऊन स्थळपाहणी अहवालाची प्रत आणि फाइलवरील शेऱ्यांच्या प्रती मागा. अहवाल झालाच नसेल, तर हा अर्ज पोचल्यावर अनेकदा तो होतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही प्रकरण नेता येते. अर्ज विहित नमुन्यात आगाऊ द्यावा लागतो.

त्यापुढची दारे

त्रास अनेक घरांना असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांताकडे अर्ज करा. (जुने कलम १३३, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे.) प्रांत सशर्त आदेश काढतात: उपद्रव अमुक मुदतीत दूर करा, नाहीतर हजर होऊन म्हणणे मांडा. हे दार सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. एकट्या तुमच्या खिडकीत वास येत असेल, तर ते उघडत नाही. म्हणून पाच-सात घरांच्या सह्या आणि जमले तर सरकारी दवाखान्याचे किंवा स्वच्छता निरीक्षकाचे पत्र जोडा.

एकट्याचा त्रास दिवाणी न्यायालयात न्यावा लागतो, मनाई हुकमासाठी. इथे वर्षे जातात, त्यामुळे दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा आणि कोर्ट कमिशनर नेमून पाहणीचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा. कमिशनरच्या अहवालानंतर बरेच दावे तडजोडीने मिटतात. ‘तुम्ही नंतर आलात’ हा बचाव तिथे एकट्याने टिकत नाही. वीस वर्षे उघडपणे, अखंड चाललेल्या वापराचा हक्क सांगता येतो खरा, पण वीस वर्षांपूर्वीच्या दोन गायींच्या नोंदीवर आजच्या बारा म्हशी बसत नाहीत.

जनावर बागेत शिरले तर

१८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा अजून चालतो. तुमच्या जमिनीत शिरून नुकसान करणारे जनावर तुम्ही पकडू शकता, पण २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे लागते. घरी बांधून ‘भरपाई द्या, मग सोडतो’ म्हटले, तर मालक दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे बेकायदा पकडल्याची तक्रार करू शकतो. उलट, कोंडवाड्याकडे नेताना मालकाने जबरदस्तीने सोडवून नेले, तर तो त्याचा गुन्हा. या कायद्याच्या ‘गुरे’ शब्दात हत्ती-उंटांपासून डुकरे, मेंढ्या, शेळ्यांपर्यंत सगळे आहेत, कोंबड्या नाहीत. मालक कोण हे कळत नसेल, तर कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक टिपून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या.

राग कितीही आला तरी जनावराला इजा करू नका, विष घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सार्वजनिक उपद्रवाला मात्र कलम २९२ खाली जास्तीत जास्त हजार रुपये दंड. म्हणजे एका रात्रीत तक्रारदार मोठा आरोपी होतो.

नोटीस गोठेवाल्याला आली असेल तर

नोटीस घ्यायला नकार देऊ नका; ती दारावर चिकटवली जाते आणि मुदत सुरू होते. कोणत्या कायद्याची, कोणत्या कलमाची आणि किती दिवसांची आहे ते आधी वाचा. बांधकामाची असेल तर जुने पुरावे काढा: नमुना ८, घरपट्टीच्या पावत्या, दूध संस्थेचे पासबुक, लाइट बिल. त्यावरची वर्षे बोलतात. उपद्रवाची असेल तर लेखी उत्तराबरोबर केलेल्या कामाचे फोटो द्या: झाकलेली टाकी, फिरवलेली पन्हाळ, शेण नेणाऱ्या शेतकऱ्याची पावती. जनावरांच्या लसीकरणाच्या नोंदी सोबत लावा. पाहणीच्या दिवशी घरातले एक माणूस हजर राहील असे बघा, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यातली जनावरांची संख्या आणि मापे स्वतः मोजून घ्या. चुकीचा आकडा एकदा पंचनाम्यात उतरला, की पुढची प्रत्येक सुनावणी त्याच आकड्यावर चालते.